ओल्या दुष्काळातली बेकारी

१९७२ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्रात दोन गोष्टी सुरू झाल्या. १ तारखेला, महाराष्ट्र दिनी, राज्य सरकारची रोजगार हमी योजना अमलात आली आणि १८ तारखेला परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. एकीचं मूळ सांगली जिल्ह्यातल्या विसापूर गावी, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली करून पाहिलेल्या प्रयोगात होतं. दुसरी मराठवाड्यानं भांडून मिळवलेली. दोघींचा एकमेकींशी कागदोपत्री काही संबंध नव्हता. तरी पुढची पन्नास वर्षं परभणी जिल्ह्यातल्या मजुराच्या हाताला काम लागणार की नाही हे दोनच ठिकाणी ठरत गेलं. एक, सरकार काढील त्या कामावर. दुसरं, शेतात निघेल त्या कामावर.

मग जून लागला. १९७० आणि १९७१ ही वर्षं आधीच ओढगस्तीत गेलेली होती. त्यामुळं बहात्तरच्या पावसानं पाठ फिरवली तेव्हा कणग्यांना तळ लागलेला होता. एक वर्ष पाऊस चुकला तर शेतकरी उसनवारीवर निभावून नेतो. तिसऱ्या वर्षी उसनं द्यायलाच कुणी उरत नाही.

परभणी जिल्हा तेव्हा आजच्यापेक्षा मोठा होता. हिंगोली, वसमत, कळमनुरी सगळं त्यातच. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. निजामाच्या राज्यातून हा मुलूख १९४८ साली सुटला आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. कारखानदारी म्हणजे सेलू, मानवत, परभणीच्या जिनिंग-प्रेसिंग गिरण्या, आणि त्याही कापसावर अवलंबून. मनमाडहून सिकंदराबादकडं जाणारी मीटरगेज रेल्वे एकोणिसावं शतक सरता सरता आली ती कापूस बाहेर न्यायला. मजूर बाहेर न्यायचं काम तिच्याकडं नंतर आलं.

दुष्काळ म्हटलं की भूक आठवते, पण भुकेच्या आधी येते ती बेकारी. पेरणी नाही म्हणून खुरपणी नाही, खुरपणी नाही म्हणून काढणी नाही, काढणी नाही म्हणून खळं नाही, आणि खळं नाही म्हणून बलुतेदाराच्या पदरात पायलीभरही पडत नाही. बाजारात ज्वारी असायची, महाग का होईना, पण विकत घ्यायला मजुरी लागते आणि मजुरी तर शेतातच संपलेली. अमर्त्य सेनांनी १९८१ साली दुष्काळाचं कोडं धान्याच्या तुटवड्यापेक्षा माणसाच्या खरेदीच्या ताकदीत शोधलं, त्यावर जगभर चर्चा झाली. जिंतूरच्या किंवा पालमच्या शेतमजुराला त्यात नवं काही वाटलं नसतं.

सरकारनं काय केलं? नवीकोरी रोजगार हमी योजना बाजूला ठेवली आणि जुन्या पद्धतीची दुष्काळी कामं काढली. इलाज नव्हता, इतक्या माणसांना पुरेल एवढी त्या योजनेची तयारीच झालेली नव्हती. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. वसंतराव नाईकांचं सरकार आणि महसूल खातं यांच्यावर त्या काळात टीका पुष्कळ झाली, काही रास्तही होती. पण एवढ्या माणसांची हजेरी लावणं, काम मोजणं आणि पगार पोचवणं हे तहसील कचेऱ्यांनी जमवलं हे मान्य करावं लागतं. त्या वर्षी दुष्काळी भागात फिरलेले अर्थतज्ज्ञ वुल्फ लाडेजिन्स्की आणि पुढं या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास करणारे ज्याँ द्रेझ, दोघांचंही लक्ष या कामांकडं गेलं. पिकं बुडाली, गुरं गेली, पण माणसं उपाशी मरण्याचं प्रमाण जुन्या दुष्काळांच्या मानानं फारच कमी राहिलं, ते या रोजगारामुळं.

ते काम कसलं होतं हे जवळून पाहायला हवं. रस्त्याच्या कडेला दगडांचा ढीग. त्याच्यासमोर उकिडवं बसलेलं माणूस, बहुतेक वेळा बाई. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातानं दगड धरायचा, बोटाला चिंधी गुंडाळलेली. फुटलेली खडी ब्रासनं मोजायची आणि मोजमापावर पैसे. कुठं नाला बंडिंग, कुठं पाझर तलाव. तिथं मातीकाम, खड्डा खणताना मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा, म्हणजे खोली किती गेली ते मस्टर कारकुनाला मोजता येई. खुंट वरून चेपला की खोली कमी भरे आणि पैसेही कमी. यावरून मुकादमाशी रोज वाद. लहान मुलं ढिगाच्या सावलीला. सुकडी वाटली जायची, आणि रेशनवर अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, जिची भाकरी थापता थापता मोडायची. मराठवाड्यातली म्हातारी माणसं अजून बहात्तरचं नाव निघालं की आधी मिलोवर बोलतात, मग पावसावर.

खडीचे ढीग मात्र पुष्कळ ठिकाणी तसेच पडून राहिले. रस्ता व्हायचा तिथं रस्ता झाला नाही, किंवा झाला आणि दोन पावसाळ्यांत वाहून गेला. त्याबद्दल हळहळ वाटते, पण त्यावरून त्या कामाला निरुपयोगी ठरवणं अन्यायाचं होईल. काम काढण्यामागचा हेतू माणूस गावात टिकवणं हा होता आणि तो बऱ्याच अंशी साधला.

हा झाला अंगमेहनतीच्या बेकारीचा हिशेब. शिकलेल्यांची बेकारी मस्टरवर येत नव्हती. साठच्या दशकात मराठवाड्यात महाविद्यालयं निघाली, शेतकऱ्यांची पोरं मॅट्रिकच्या पुढं गेली, आणि पदवी हातात पडली तेव्हा दुष्काळानं घर बसलेलं. खडी फोडायला लाज वाटते असं नव्हे, पण बापानं एकर विकून शिकवलेल्या पोरानं खडीच फोडायची तर शिकवलं कशाला, हा प्रश्न घरोघर होता. परभणीचं नवं कृषी विद्यापीठ म्हणजे जिल्ह्यातली त्या काळची सगळ्यांत मोठी नोकरीची जागा. तिथल्या भरतीत स्थानिकांना डावललं जातं, या रागातून १९७४ साली ठिणगी पडली. वसमतला विद्यार्थ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात बळी गेले, आणि पाहता पाहता आंदोलन मराठवाडाभर पसरलं. तेच मराठवाडा विकास आंदोलन. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी माणसं त्याच्या पाठीशी उभी राहिली. मागण्या कोणत्या? नोकऱ्या, सिंचन, कारखाने, रुंदमापी रेल्वे.

या आंदोलनाचा इतिहास लिहिताना प्रादेशिक अन्याय, अनुशेष, नागपूर करार हे शब्द येतात, आणि ते खरेही आहेत. पण बहात्तर आणि चौऱ्याहत्तर यांच्यामध्ये फक्त एक-दीड वर्ष आहे, याकडं मला वाटतं पुरेसं लक्ष दिलं गेलेलं नाही. पावसानं जी बेकारी वाढवली तिनंच तरुणांच्या रागाला धार आणली. खडीवरचा बाप आणि मोर्चातला मुलगा एकाच घरातले होते.

पुढं हालचाली झाल्या. जायकवाडी धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींनी १९६५ सालीच बसवली होती; फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. पैठणहून निघणारा २०८ किलोमीटरचा डावा कालवा पाथरी, मानवत, परभणीकडं आला. शंकरराव चव्हाणांनी त्यासाठी जी चिकाटी दाखवली ती नाकारता येत नाही, आणि कालव्याच्या शेपटाला पाणी पोचत नाही ही तक्रारही नाकारता येत नाही. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांनी पाणी किती अडवायचं यावर तर अजून कोर्टकचेऱ्या चालतात.

रोजगार हमीला १९७७ साली कायद्याचं रूप आलं आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम. नाही दिलं तर बेकार भत्ता. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले रुपये सोनपेठच्या बाईच्या हातात पडत होते, आणि त्या काळात असा हक्क देशात दुसऱ्या कुठल्या राज्यात नव्हता. २००५ साली केंद्रानं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हाच अनुभव समोर होता. कायद्याच्या घडणीवर मात्र बहात्तरचा ठसा राहिला, आणि पुढं अडचण झाली ती इथंच. काम म्हणजे मातीकाम. मातीकाम म्हणजे कोरडी जमीन. हंगाम म्हणजे उन्हाळा. संकट येणार ते पाऊस न पडण्याचं, असं त्यात गृहीतच होतं.

तिकडं शेतातलं काम आपल्या वेगळ्याच वाटेनं कमी होत होतं. जुन्या पीकपद्धतीत मजुराचं वर्ष बरंच भरलेलं असे. कापूस जूनमध्ये पेरला की दोन-तीन खुरपण्या, मग दसऱ्याच्या सुमाराला पहिला वेचा. पहिला, दुसरा, तिसरा असं करत पार संक्रांतीच्या पुढंपर्यंत बायकांना वेचणी मिळे. परभणीच्या काळ्या जमिनीत गावरानी कापूस पिढ्यान्‌पिढ्या कोरडवाहू येत होता. वेचणी आटोपते न आटोपते तोच रब्बी ज्वारी. ती उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, खळ्यावर मळायची. ज्वारीच्या कामाची मजुरी धान्यात, म्हणजे वर्षाची भाकर घरात. कडबा गुरांना. या सगळ्यात मजुराच्या घरातल्या म्हातारीपासून शाळकरी पोरीपर्यंत सगळ्यांना काही ना काही हाताशी असे. फार सुखाचे दिवस होते असं नाही. मजुरी तुटपुंजी होती आणि सालगड्याच्या जिण्याचं कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. पण कामाचे दिवस होते.

नव्वदच्या दशकापासून सोयाबीन आलं आणि दोन हजारनंतर त्यानं जिल्हा व्यापला. शंभर दिवसांच्या आसपास हाती येतं, रोख पैसा देतं, पाठोपाठ हरभरा घेता येतो. पावसाचा भरवसा उरला नाही तसतसं लवकर निघणारं पीक शेतकऱ्याला बरं वाटू लागलं. हवामान हे एकच कारण नव्हतं. भाव होता, तेलगिरण्या होत्या, वेचणीला बायका मिळत नाहीत ही तक्रार होती, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बीटी कापसाचा जो फडशा पाडला त्यानंतर कित्येकांनी कापसाचा नाद सोडला. पण मजुराच्या बाजूनं पाहिलं तर परिणाम एकच. कापसाची चार महिन्यांची वेचणी गेली आणि त्या जागी सोयाबीनच्या काढणीचे मोजके दिवस आले. तणनाशकानं खुरपणी नेली. मळणी यंत्रानं खळं नेलं. पावसापासून बचाव करायला शेतकऱ्यानं पीक बदललं आणि त्या बदलाची किंमत मजुराच्या कामाच्या दिवसांत चुकती झाली. ही देवघेव कुठल्याही नोंदवहीत नाही.

जे मोजके दिवस उरले ते सप्टेंबरअखेरचे आणि ऑक्टोबरचे. पाऊस आता नेमका तेव्हाच येऊ लागला आहे.

२०१२, २०१४ आणि २०१५ ही वर्षं मराठवाड्याला कोरडी आणि वाईट गेली. मध्येच २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं उभी ज्वारी आणि गहू झोडपला. २०१५ चा दुष्काळ बहात्तरच्या पंगतीत बसणारा. दोन्ही वर्षी प्रशांत महासागरात एल निनो जोरावर होता. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी गेलं ते सगळ्या देशानं पाहिलं. इथवर गोष्ट जुन्या वळणाची होती. त्यानंतरची वर्षं पाहिली तर चित्र उलटं दिसतं. २०२०, २०२१, २०२४, २०२५, या प्रत्येक साली काढणीच्या तोंडावर अतिवृष्टी. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस बंगालच्या उपसागरातून आलेल्या गुलाब चक्रीवादळाचा उरलेला पाऊस मराठवाड्यावर कोसळला. २०२४ च्या सप्टेंबरची सुरुवातच परभणी, हिंगोली, नांदेड पाण्याखाली जाऊन झाली. मधल्या २०२३ सालचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ठरला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० पासून मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीनं वाढले आहेत. वर्षाची सरासरी गाठली जाते, शेतीला उपयोगी पडणारे पावसाचे दिवस मात्र जुळत नाहीत.

काढणीच्या वेळचा पाऊस म्हणजे काय ते बांधावर उभं राहिल्यावर कळतं. सोयाबीन कापून शेतातच पसरलेलं असतं, किंवा सुडी लावून वर ताडपत्री टाकलेली असते. तीन दिवस झड लागली की शेंगा काळ्या पडतात, चौथ्या दिवशी शेंगेतल्या दाण्याला कोंब फुटतो. ताडपत्रीखालची सुडी आतून तापते, हात घातला तर वाफ लागते आणि कुबट वास येतो. उभ्या पिकात गुडघाभर चिखल, त्यात ना विळा चालतो ना यंत्र. गावातल्या आठ-दहा बायकांच्या टोळीनं एकरी गुत्तं ठरवलेलं असतं. दिवाळीचा किराणा, पोराची फी, बचतगटाचा हप्ता, सगळं त्या गुत्त्यावर मांडलेलं. पीक सडलं की मालक म्हणतो, काढायला परवडत नाही, रोटर फिरवतो. गुत्तं मोडलं. टोळी घरी.

यानंतर सरकारी यंत्रणा हलते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला की अतिवृष्टी. मग तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक येतात, पंचनामा होतो. ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नुकसान असेल तर मदत. केंद्राच्या निकषांनुसार कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये. रक्कम पुरेशी आहे की नाही यावर विधानसभेत दर वर्षी रण माजतं, आणि माजायलाच हवं. पण पंचनाम्याच्या तक्त्यात गट नंबर असतो, क्षेत्र असतं, पिकाचं नाव असतं. त्या शेतात जिचं पंधरा दिवसांचं काम बुडालं तिच्यासाठी रकाना नाही. सातबारा नसलेल्याचं नुकसान पीकनुकसानीत धरलं जात नाही. पीकविम्याचंही तेच.

बरं, रोजगार हमी? जमीन वाफशावर यायला आठवडे जातात, तोवर मातीकाम बंद. फळबाग, तुती लागवड, गोठे, विहिरी अशी वैयक्तिक लाभाची कामं अलीकडं बरीच निघतात, ती चांगलीही आहेत. पण ती ज्याची जमीन त्याच्या बांधावर निघतात. भूमिहीनाला त्यात वाटा कमीच. बहात्तर साली संकट दोन-तीन वर्षं चाललं, सगळ्यांवर एकदम आलं आणि सगळ्यांना दिसलं, म्हणून पन्नास लाखांचं मस्टर निघालं. आताची बेकारी एखाद्या मंडळात दहा दिवस, शेजारच्या मंडळात वीस दिवस अशी तुकड्यातुकड्यांनी येते. कुठल्याही एका तुकड्याला दुष्काळ जाहीर करण्याची वेळ येत नाही.

उन्हाळ्याचं वेगळंच. परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२-४४ अंशांवर जातो. मातीकामाचा हंगामही तोच. सकाळी अकराच्या पुढं टिकाव उचलवत नाही, आणि मजुरी तर मोजमापावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१९ साली अंदाज बांधला की २०३० पर्यंत उष्णतेमुळं भारतातले ५.८ टक्के कामाचे तास वाया जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. त्यातला मोठा वाटा शेती आणि बांधकामाचा. परभणीसारख्या जिल्ह्यातला शेतमजूर गावात असला तर शेतीत असतो आणि गाव सोडून गेला तर बांधकामावर. त्यामुळं हा तोटा त्याला दोन्हीकडं गाठतो.

गाव सोडणं नवं नाही. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातून कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांची दुसरी-तिसरी पिढी आता फडात आहे. मुकादमाकडून नवरा-बायकोच्या जोडीवर उचल घ्यायची आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ती फेडायची. गंगाखेडला गोदाकाठी संत जनाबाईंचं स्थान आहे. तिथल्या वाटेनंच दसऱ्यानंतर ट्रॅक्टर जातात, ट्रॉलीत भांडी, शेळी, झोपलेली पोरं. पूर्वी सोयाबीनची काढणी उरकून, चार पैसे गाठीला बांधून माणसं निघत. काढणीच बुडाली तर हात रिकामे असतात, मग उचलीवर बोलणी करताना जोर राहत नाही. शिकलेली पोरं तपोवन किंवा पनवेलच्या गाडीनं पुण्या-मुंबईकडं. १९७४ साली मागितलेली रुंदमापी रेल्वे नव्वदच्या दशकात परभणीपर्यंत आली. मागितलेले कारखाने त्या मानानं फारसे आले नाहीत.

कृषी विद्यापीठाचं नाव २०१३ साली वसंतराव नाईकांच्या नावानं झालं. अतिवृष्टीत पाणी निघून जावं आणि उघडिपीत ओल टिकावी म्हणून रुंद वरंबा-सरीची पेरणी तिथले शास्त्रज्ञ गावोगाव सांगतात. यंत्रानं कापता येईल असं सोयाबीनचं वाणही विद्यापीठानं दिलं, एमएयूएस १६२. शेतकऱ्याची गरज अगदी खरी आहे: ढग दिसायच्या आत, एका दिवसात रान मोकळं झालं पाहिजे. हार्वेस्टर ते करतो. ज्या टोळीला पावसानं पंधरापैकी दहा दिवस घरी बसवलं होतं तिचे उरलेले पाच दिवसही त्यात जातात. विद्यापीठाला दोष देता येत नाही आणि शेतकऱ्यालाही नाही.

मागेल त्याला काम हा हक्क अजून कागदावर आहे. ग्रामपंचायतीत काम मागण्याचा नमुना ४ भरायचा, पोच घ्यायची, पंधरा दिवस थांबायचं. सप्टेंबरच्या २५ तारखेला सोयाबीन सडलं आणि दुसऱ्या दिवशी अर्ज दिला, तर काम मिळायची मुदत ११ ऑक्टोबरला संपते. शेतात तेव्हा चिखल असतो, आणि मुकादमाचा ट्रॅक्टर गावात येऊन गेलेला असतो.